साज्याच्या लाकडाची जमीन

म्हातारा आत जमिनीवर बसला होता. मी बाहेर, खिडकीचे गज धरून उभी. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू कोन होय वं?"

आमच्या लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली. भांडणात तो मला नाही नाही ते बोलला असेल, पण कोण आहेस असं त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"मी होय जी," मी म्हटलं. "जागेवरून हलू नका."

"का मांगून राहिली? घरी कोनी नाई. उद्या ये."

त्याला मी भिकारीण वाटले.

त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. शर्टाची एकच बाही अंगात होती, दुसरी मागे लोंबत होती. सकाळी आठ वाजता मीच त्याच्या पोटात इन्सुलिनची सुई टोचली होती. सुई टोचली की अर्ध्या तासात खायचं, हा नियम. आता साडेनऊ होत आले होते आणि त्याच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. साखर उतरत गेली की माणूस असाच बरळतो, मग झोपल्यासारखा होतो, आणि मग उठत नाही. डॉक्टरनं हे मला समोर बसवून दोनदा सांगितलं होतं.

खोलीचं दार आतल्या बाजूला उघडणारं. त्याला कडी नव्हती. म्हातारा आत पडला तर दार उघडता यावं म्हणून मुलानं ती काढून टाकली होती. तरी दार उघडत नव्हतं, कारण दारापाशी आतून लाकडाची जमीनच उठून उभी राहिली होती. दोन फळ्या एकमेकींना टेकून तंबूसारख्या वर आल्या होत्या आणि दार त्यांना अडलं होतं. मी खांदा लावला, पाठ लावली, लाथ मारली. ते बोटभरसुद्धा सरकलं नाही.

श्रावणातला शेवटचा सोमवार होता. मुलगा आणि सून नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला गेले होते. घरात आम्ही दोघंच.

जमीन अशी उठली ती माझ्यामुळे. ते आधी सांगते.

आमचा म्हातारा नोकरीभर लाकडाच्या सरकारी डेपोत मापारी होता. जंगलातून आलेल्या गोलाईचं, म्हणजे ओंडक्यांचं, माप घ्यायचं, लाकडावर नंबर टाकायचा, लिलावाच्या दिवशी व्यापाऱ्यांना दाखवत फिरायचं, हे त्याचं काम. रिटायर झाल्यावर मुलानं गोंदियाला लागून फुलचूरला घर बांधलं आणि आम्हाला गावाहून इकडे आणलं. घर चांगलं आहे. नळाला पाणी आहे. पण खाली सगळीकडे चकचकीत पांढरी टाईल. सुनेला तिच्यात तोंड दिसतं, त्याचं कौतुक. म्हाताऱ्याला तिच्यात पाणी दिसायचं. कोरडी असली तरी तो तिच्यावर पाय ठेवताना अंदाज घ्यायचा, जसा माणूस नाल्यात उतरताना घेतो.

मग हिवाळ्यात एका सकाळी ती खरोखरच ओली होती. म्हातारा पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत लोखंड बसलं, टाके सुकले. डॉक्टर म्हणाले, आता चालवा. पण म्हातारा टाईलवर पाय ठेवेना. पलंगावरून पाय खाली सोडायचा, अंगठा फरशीला लागला की वर घ्यायचा. चटई टाकली, ती सरकली. गालिचा आणला, त्याच्या काठाला काठी अडली. दोन महिने तो पलंगावरच होता. पाठीला जखम होऊ लागली. आपलं माणूस पलंगावर सडताना बघणं काय असतं ते ज्यानं बघितलं त्यालाच माहीत. मी जास्त सांगत नाही.

एक दिवस तो आपणहून म्हणाला, "लाकडाची जमीन असती तं चाललो असतो."

मी म्हटलं, "राजा होय का तुम्ही?"

पण मुलानं ते मनावर घेतलं. त्या एका खोलीत लाकडाची जमीन करायची असं ठरलं.

आमच्या जिल्ह्यात घराबाहेर पडलं की जंगल. सागवान आहे, बीजा आहे, साजा, धावडा, हळदू, सगळं आहे. मला वाटलं, लाकडाचं काय, एका दुपारचं काम. तसं नव्हतं. गोंदियाच्या बाजारात आम्ही चार दुकानं फिरलो. चौथ्या दुकानदारानं आम्हाला एअरकंडिशनमध्ये बसवलं, पाणी दिलं आणि टेबलावर नमुन्याच्या फळ्या पत्त्यांसारख्या मांडल्या. म्हाताऱ्याला आम्ही चाकाच्या खुर्चीवर नेलं होतं.

"देखिए माताजी, ये टीक है, ये वॉलनट है, ये ओक."

म्हाताऱ्यानं एक नमुना उचलला. नाकाला लावला. मग काठीच्या मुठीनं टकटक केलं.

"हा पुठ्ठा होय," तो म्हणाला.

"नहीं बाबूजी, एकदम लकड़ी जैसा है."

"जैसा है. है तो नहीं ना?"

दुकानदार हसला. तो चांगला माणूस होता. म्हणाला, असली लाकडाची जमीन इथे कोणी मागत नाही, म्हणून कोणी ठेवत नाही. मागवायची तर नागपूरहून, आणि तिथेही ती बाहेरून येते. आणि काठाची पट्टी? तीही नागपूरहून. आणि फळ्यांखाली अंथरायचं, वरून लावायचं पॉलिश? तेही. मी विचारलं, "हमारे जंगल का लकड़ी किधर जाता है फिर?" तो म्हणाला, "बाहर जाता है माताजी. फिर डिब्बे में बंद होके वापस आता है."

म्हातारा परतताना गाडीत म्हणाला, "चाल, तिरोड्याले जाऊ."

तिरोड्याकडे लाकूड चिरायची एक जुनी आरा मशीन आहे. डेपोच्या लिलावातली गोलाई तिथे चिरायला जायची, म्हणून मालक म्हाताऱ्याच्या ओळखीचा. तिथून वीज कारखान्याच्या चिमण्या दिसतात. आम्ही पोचलो तेव्हा आरा चालू होता आणि कानात काही ऐकू येत नव्हतं. मुलगा खुर्ची काढायला गाडीच्या मागे गेला. मी मालकाशी बोलत होते. वळून बघते तर गाडीचं दार उघडं आणि म्हातारा आत नाही.

तो लाकडांच्या थप्पीजवळ उभा होता. खाली सगळा भुसा होता, पावलं बुडतील एवढा. तो त्या भुशावरून आठ-दहा पावलं गेला होता. काठी होती हातात, पण तिच्यावर भार नव्हता. एका ओंडक्यावर हात ठेवून तो त्याच्या कापलेल्या तोंडाचा वास घेत होता.

मुलगा धावला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "थांब. त्याले चालू दे."

म्हातारा थप्पीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. परत येताना मला ओरडून विचारलं, "तू काऊन तोंड वासून उभी आहे वं? चहा सांग!"

त्याला हवा होता बीजा. बीजाचं लाकूड त्याला फार आवडतं. बीजाच्या पेल्यातलं पाणी साखरेला चांगलं असं लोक म्हणतात, तर हा म्हणायचा, बीजाच्या जमिनीवर चाललो तर साखर पायातूनच उतरेल. पण मालकाकडे बीजा नव्हता. म्हणाला, आला तरी पाट्यापुरता येतो, खोलीपुरता येत नाही. सागवान होतं, पण कोवळं, लागवडीतलं, मनगटाएवढं. आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, एक मोठा सागवान उभा आहे. तो कापायला परवानगी लागते, आणि ती यायला म्हातारा थांबला नसता.

मग मालकानं शेडच्या मागे नेलं. तिथे साज्याच्या फळ्या रचलेल्या होत्या. कोणी घराच्या माळ्यासाठी चिरून घेतल्या आणि न्यायला आलाच नाही. दोन-तीन उन्हाळे खाल्लेलं लाकूड. काळपट, जड, एक फळी उचलायला दोन माणसं. म्हाताऱ्यानं नख रोवून बघितलं, नख रुतलं नाही.

"हे घे," तो मुलाला म्हणाला. "पन साजा फुगते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात बसते. सुताराले सांगजो, भिंतीपाशी चारही बाजूनं बोटभर फट ठेव म्हना."

हे त्यानं सांगितलं होतं. माझ्यासमोर सांगितलं होतं.

सुतार आमच्या गावाकडचा. दारं, चौकटी, पलंग, देव्हारे करणारा. लाकडाची जमीन त्यानं जन्मात केली नव्हती, तसं त्यानं आधीच सांगितलं. "करून पायतो आजी. चुकलं तं शिव्या देजा." मे महिन्यात तो आठ दिवस येत होता. ऊन असं की लोखंडाला हात लावता येत नव्हता. त्यानं टाईलवर आडवे बत्ते, लाकडाच्या जाड पट्ट्या, ठोकले, फळ्या रंदून गुळगुळीत केल्या, एकीला खाच आणि दुसरीला जीभ काढून त्या एकमेकींत बसवल्या. खोलीभर रंद्याच्या सालपटांचा वास. म्हातारा पलंगावर बसून वरून सूचना द्यायचा. "रेषा पाह्य गा, रेषा. लाकूड ज्या बाजूनं वाढलं त्या बाजूनं रंदा मार." सुतार म्हणायचा, "हो मालक." आणि माझ्याकडे बघून डोळा बारीक करायचा.

वरून लावायला दुकानातलं काही नव्हतं, तर म्हाताऱ्यानं जवसाचं तेल आणायला लावलं. आमच्याकडे धान उभं असतानाच बांध्यांमध्ये जवस टाकतात, त्याचं घाण्यावरचं तेल. मी आणि सुतारानं फडक्यानं ते घासलं. जमीन मधासारखी झाली. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं पलंगावरून पाय खाली सोडला. अंगठा टेकला. टाच टेकली. मग उभा राहिला.

"कसं वाटते जी?"

"डेपोत आल्यावानी वाटते."

आता फटीचं. सुतारानं भिंतीपाशी बोटभर जागा सोडली होती. ती झाकायला काठाची पट्टी पाहिजे होती. ती गोंदियात मिळाली नाही. दुकानदार म्हणाला, नागपूरहून आठ दिवसांत येईल. आठाचे पंधरा झाले, मग तो म्हणाला, ते माप बंद झालं, दुसरं मागवतो. इतके दिवस ती फट उघडी. एका सकाळी तिच्यातून विंचू निघाला. लहान, पण लाल, आणि लालच जास्त विषारी. आणि निघाला तो म्हाताऱ्याच्या पलंगाखाली.

मी सुताराला बोलावलं. म्हटलं, ही फट बुजव.

"आजी, बुजवाची नाई. मालकानं सांगतलं हाये."

"मालक कोन इथं? फळीच्या चिपा काढ आणि ठोक."

"लाकूड फुगल तं?"

"फुगल तं फुगल. म्हाताऱ्याले विंचू चावल तं तू येशील का रात्री?"

त्यानं चिपा काढल्या आणि चारही बाजूंनी घट्ट ठोकल्या. दाराचंही तसंच. जमीन दोन-तीन बोटं वर आल्यामुळे दार खालून कापावं लागलं होतं. तो आणखी कापणार होता, मी म्हटलं बस झालं, उंदीर येतात. कागद जेमतेम सरकेल एवढी जागा राहिली. म्हातारा तेव्हा झोपला होता. उठल्यावर बघून म्हणाला, "हे कोनी सांगतलं?" मी म्हटलं, "मी." त्याला चालायला मिळत होतं आणि तो खुशीत होता. माझ्याशी भांडायला त्याला सवड नव्हती.

दुसरी चूक त्याहून मोठी. ती सांगायला लाज वाटते, पण केली तर केली.

लहानपणापासून मी सणाला घर सारवत आले. शेणाचा सडा, शेणाचं पोतेरं, कोपऱ्यापासून दारापर्यंत हात फिरवत यायचं. या टाईलच्या घरात आल्यापासून ते बंद. टाईलवर शेण बसत नाही, घसरतं, आणि सून नाकाला पदर लावते. मग श्रावण आला. पहिल्या सोमवारी मी म्हाताऱ्याची खोली झाडली आणि त्या लाकडाकडे बघितलं. लाकूड म्हणजे काही टाईल नाही. मनात आलं, यावर बसेल.

शेजारच्या गल्लीतल्या गोठ्यातून शेण आणलं. सून बाहेर गेल्यावर सारवलं. काय सुंदर बसलं! बोटांच्या कमानी उठून दिसत होत्या. म्हातारा पलंगावर पाय वर घेऊन बसला होता.

"लाकडाले सारवतेत का कोनी?"

"मी सारवते."

"सुनेनं पाह्यलं तं?"

"तुम्ही सांगान तं पाहील."

तो नाकानं श्वास घेत बसला. म्हणाला, "घरावानी वास आला पन." मला तेवढंच पाहिजे होतं. वाळल्यावर मी फडक्यानं पुसून काढलं, पण पुसायलाही पाणीच. मग दर सोमवारी सारवायचं ठरलं. त्यात पाऊस हटत नव्हता. बाहेरून ओल, वरून माझं पोतेरं. तिसऱ्या सोमवारनंतर फळ्यांचे काठ हाताला लागू लागले. दार घासू लागलं. मुलगा म्हणाला, पोळा झाला की सुताराला बोलावू. म्हातारा माझ्याकडे बघत होता. त्यानं मुलाला काही सांगितलं नाही. मला वाटतं त्याला सारवणं बंद व्हायला नको होतं.

शेवटचा सोमवार म्हणून मी रविवारी दुपारीच सारवलं, चांगलं ओलं.

सोमवारी आठ वाजता सुई दिली. मी तांदळाच्या पिठाचे आयते टाकत होते, गरम गरम द्यावे म्हणून. म्हातारा म्हणाला, "आंघोळ करतो, मंग खातो." त्याच्या खोलीतच मोरी आहे. कपडे बदलायला त्यानं दार लोटलं. दार घट्ट होतं, काठीनं ढकलून लावलं, तो आवाज मी ऐकला. म्हाताऱ्याची आंघोळ म्हणजे तास. मी दोन-तीनदा हाक मारली, तो आतून "येतो ना!" म्हणाला. मग जमीन फुटल्यासारखा आवाज झाला. फाडकन. मला वाटलं सिलिंडर फुटला. धावत गेले तर दार अडलेलं. तो मोरीतून बाहेर आला होता, आवाजानं घाबरून पलंगाला टेकून खाली बसला होता. आधी नीट बोलत होता. "फळ्या उठल्या वं. म्या सांगतलो होतो." मग बोलणं जड होत गेलं. मग मी घराला वळसा घालून खिडकीशी गेले तोवर त्याला मी भिकारीण दिसू लागले.

मी शेजारणीला हाक मारली. ती बालाघाटकडची, हिंदी बोलते, पण मोठ्या मनाची बाई आहे. ती फोन हातात घेऊनच आली.

"चाचीजी, भैया फोन उठा नहीं रहे!"

"देवळात असतीन. सुताराले लाव. मीटरच्या डब्यावर नंबर लिहून हाये पेन्सिलनं."

ती तिकडे धावली. मी विळ्यानं खिडकीची मच्छरजाळी फाडली. म्हातारा माझ्यापासून तीन हातांवर होता. हात पोचत नव्हता. मी गुळाचा खडा आणला आणि त्याच्याजवळ फेकला. तो त्याच्या गुडघ्याला लागला.

"दगड मारते वं!" तो ओरडला. खडा उचलला आणि माझ्यावर फेकला. नेम चांगला होता, गजावर आपटला.

"गूळ होय तो, खा!"

"तूच खा!"

शेजारीण परत आली. म्हणाली, सुतार निघाला, अर्धा तास. आणि मग ती खिडकीतून आत बघून रडायला लागली. मी म्हटलं, रडू नको, बांबू आण. तिच्या अंगणात आंबे पाडायचा लांब बांबू होता. मी गुळाचा मोठा खडा फडक्यात बांधला, पाण्यात बुडवला आणि बांबूच्या टोकाला करकचून बांधला. गजातून तो बांबू आत सरकवला. बैलाला दवा पाजताना माझा बाप बांबूचा नळा असा धरायचा, तोंडाच्या कडेनं, म्हणजे बैल चावत नाही. मी टोक म्हाताऱ्याच्या ओठांशी नेलं.

त्यानं तोंड फिरवलं. मी बांबू तिकडे नेला. त्यानं इकडे फिरवलं.

"का होय हे?"

"बीजाचं पानी," मी खोटं बोलले.

तो थांबला. "साखरेले चांगलं ऱ्हायते ते."

"म्हनून तं म्हनते. चोखा."

त्यानं तोंड उघडलं. चोखू लागला. बांबू जड होता, टोक खाली जात होतं. शेजारीण मागून धरायला आली. आम्ही दोघी बायका खिडकीत बांबू धरून उभ्या, आणि आत एक म्हातारा एका बाहीचा शर्ट घालून गुळाचं फडकं चोखत बसलेला. कोणी रस्त्यावरून गेला असता तर काय समजला असता कोण जाणे. गुळाचं पाणी त्याच्या हनुवटीवरून छातीवर येत होतं. मध्ये त्याचे डोळे मिटू लागले. मी बांबूनं त्याच्या गालाला ढोसलं. "झोपू नका जी! चोखा!" त्यानं शिवी दिली. ती शिवी मला गोड लागली. मेलेलं माणूस शिवी देत नाही.

किती वेळ गेला मला माहीत नाही. सुतार आला तेव्हा माझे खांदे सुन्न झाले होते. त्यानं दाराला धक्का दिला, वाकून खालची फट बघितली, म्हणाला, "दार फोडाव लागते. पन सागवानाचं हाये, घनानं फुटनार नाई." दार म्हाताऱ्यानंच पसंत केलेलं होतं, दोन अंगुळं जाड. सुतारानं खालून हातभर उंचीवर गिरमिटानं छिद्रं पाडली आणि आरी घातली. लाकडाचा भुसा माझ्या पायांवर पडत होता. मी खिडकीशी आणि दाराशी धावत होते. शेवटी दाराचा खालचा तुकडा निघाला. सुतार पोटावर सरपटत आत गेला आणि आतून उठलेल्या फळ्या लोखंडी सब्बलनं उचकटल्या. दार उघडलं.

म्हातारा डोळे उघडे ठेवून होता. फडकं अजून तोंडात. मी साखरेचं पाणी वाटीनं पाजलं, मग आणखी एक वाटी. शेजारणीनं घाम पुसला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर तो परत आला. आधी त्यानं सुताराकडे बघितलं. मग दाराकडे. मग मला म्हणाला, "एवढं चांगलं दार काऊन कापलं वं?"

मी खाली बसले.

मुलगा, सून अकराच्या सुमारास आले, तोवर शेजारणीनं बोलावलेली गाडी आली होती. दवाखान्यात सलाईन लावलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. डॉक्टरनं विचारलं, गूळ कोणी दिला. मी म्हटलं, मी. कसा दिला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. जमीन कशी उठली ते मात्र मी घरी येऊन मुलाला आणि सुनेला सगळं सांगितलं. फट बुजवली ती मी, सारवलं ती मी. सून म्हणाली, "आई, मला शेणाचा वास यायचा. मला वाटलं बाहेरून येतो." मग तिनं आयत्यांचं थंड झालेलं ताट गरम करून आम्हाला दोघांना वाढलं.

सुतारानं दसऱ्यापर्यंत काही केलं नाही. लाकूड आपलं आपण बसू दे म्हणाला. म्हातारा तितके दिवस हॉलमध्ये झोपला आणि रोज कुरकुर केली. पावसाळा सरला, उठलेल्या फळ्या खाली आल्या, दोन फाटल्या होत्या त्या तिरोड्याहूनच बदलून आणल्या. सुतारानं चिपा काढून टाकल्या. काठाला पट्टी तिकडच्याच सागवानाची रंदून लावली, नागपूरची वाट बघितली नाही. मी आता त्या खोलीत कोरड्या फडक्याशिवाय काही नेत नाही. शेणाचा हात अंगणात तुळशीपाशी फिरवते, तेवढीच जागा सुनेनं मला मोकळी ठेवली आहे.

त्या सकाळी आत म्हातारा होता आणि बाहेर मी होते. तो वाचला, म्हणून मीही वाचले.